व्होल्ट दिसतात, तास दिसत नाहीत

बेंगळुरूत हौसेनं कॅम्परव्हॅन बाळगणारी मंडळी आता बऱ्यापैकी दिसतात. फोर्स ट्रॅव्हलर नाहीतर टाटा विंगर घ्यायची, मागच्या सीट काढून पलंग, ओटा, फ्रिज बसवायचा आणि शुक्रवारी लॅपटॉप मिटला की सकलेशपूर किंवा चिकमगळूरचा रस्ता धरायचा. जोडून सुट्ट्या आल्या की राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून बेळगाव, तिथून आंबोली उतरून सावंतवाडी. मराठी घरांतले काहीजण गणपतीला गावी जातात तेही याच गाडीतून. या मंडळींत एक मत इतकं घट्ट बसलं आहे की त्याला हरकत घेणाऱ्याकडे लोक दयेनं पाहतात. मत असं : इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीशिवाय जी दुसरी बॅटरी गाडीत असते, फ्रिज, पंखे, दिवे चालवणारी, ती तपासत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे.

मत मांडणारे अडाणी नाहीत, उलट बरेचसे इंजिनिअर आहेत. त्यांचा युक्तिवाद नीट मांडायचा तर तो तीन पायांवर उभा आहे. पहिला पाय : पॅनेलवर व्होल्ट दिसतात, फोनवरच्या ॲपमध्ये टक्के दिसतात, मग वेगळं तपासायचं काय? दुसरा : बॅटरी झिजणारच, तीन-चार वर्षांनी जुनी द्यावी, बायबॅकचे पैसे वजा करून नवी घ्यावी, आपला शनिवार तिच्यापेक्षा महाग आहे. आणि तिसरा, जो हल्ली सर्वांत जोरात सांगितला जातो : लिथियम आलं, देखभाल हा विषयच संपला. तिन्हींत खऱ्याचा अंश आहे आणि त्यामुळेच ते टिकून आहेत. मला तिन्ही खोडायचे आहेत.

व्होल्टपासून सुरुवात करू. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून काही तास निवांत ठेवली की १२.७ च्या आसपास दाखवते, अर्ध्यावर आली की १२.२, रिकामी झाली की ११.८ च्या आगेमागे. हा तक्ता सगळ्यांना पाठ असतो. तो खोटाही नाही. पण तो सांगतो काय, तर बॅटरीत आज जेवढी जागा उरली आहे तिचा किती भाग भरला आहे. मुळातली जागा किती उरली आहे, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. बेंगळुरूच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. तळघरातल्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, वर्षानुवर्षांचा गाळ साचला असला, तरी टँकर रिकामा झाल्यावर पाणी काठोकाठच दिसतं. कमी पडतं ते दुपारी. प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसून ज्या बॅटरीची निम्मी क्षमता गेली आहे, तीही रात्रभर चार्जरला लावली की सकाळी रुबाबात १२.७ दाखवते. पॅनेलवरचा आकडा बघून ‘बॅटरी एकदम नवीसारखी आहे’ म्हणणारा माणूस पाण्याची पातळी बघून संपची लांबी-रुंदी सांगत असतो.

त्यात तो आकडा बघितला जातो तोही चुकीच्या वेळी. गाडी नुकतीच थांबलेली असते, अल्टरनेटरनं प्लेटांच्या पृष्ठभागावर चढवलेला चार्ज अजून उतरलेला नसतो, आणि मीटर १३ दाखवतो. अर्ध्या तासानं फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की १२.१. या दोन्ही आकड्यांवरून निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्यावरून खूश होणारे आणि दुसऱ्यावरून बॅटरी बदलायला निघालेले. दोघांनीही काहीच मोजलेलं नसतं.

‘मग दुकानात टेस्ट करून घेतो की,’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. जे. सी. रोडवर गाडीच्या सामानाच्या दुकानांत दोन प्रकारचे टेस्टर असतात. एक जुना, काही सेकंद बॅटरीतून दणदणीत करंट ओढणारा, ज्याची तार लालबुंद होते. दुसरा हातात मावणारा डिजिटल, जो बॅटरीची अंतर्गत वाहकता मोजून हिरवा किंवा लाल शेरा देतो. दोन्ही कामाचे आहेत आणि दोन्ही इंजिनच्या बॅटरीसाठी बनवले आहेत. इंजिन सुरू करायला तीन सेकंद प्रचंड करंट लागतो, नंतर ती बॅटरी मोकळी. व्हॅनमधल्या दुसऱ्या बॅटरीकडून मागणी नेमकी उलटी असते : तीन-चार ॲम्पिअर, पण रात्रभर. तीन सेकंदांची परीक्षा उत्तम गुणांनी पास होणारी बॅटरी पहाटे दोनला पंखा बंद पाडू शकते, यात दुकानदाराची लबाडी नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

आणि योग्य प्रश्न कोणता हे शोधायला नवं काही करावं लागत नाही. गाडी पळताना चार्ज होणारी आणि गाडी थांबल्यावर दिवे-पंखे चालवणारी बॅटरी ही काही व्हॅनवाल्यांची नवलाई नव्हे. रेल्वेच्या जुन्या आयसीएफ डब्यांखाली ही व्यवस्था कित्येक दशकं आहे : चाकाच्या आसावरून पट्ट्यानं फिरणारा अल्टरनेटर आणि ११० व्होल्टची बॅटरी, साध्या डब्याला १२० ॲम्पिअर-तासांची, एसी डब्याला ११०० ची. सिग्नल मिळेपर्यंत माळरानावर गाडी उभी असताना डोक्यावरचा पंखा फिरत राहतो, तो तिच्या जिवावर. रेल्वेत या कामाला ‘ट्रेन लायटिंग’ म्हणतात, त्याचे वेगळे कर्मचारी असतात. ते सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे सापेक्ष घनता, आणि व्होल्टेज नोंदवतात, आणि डबा मोठ्या दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये गेला की बॅटरी ठरावीक करंटनं उतरवून तिची क्षमता पाहिली जाते. वीज उपकेंद्रांत तर बॅटरी बिघडली हे अपघाताच्या क्षणीच कळण्याची भीती. म्हणून तिथल्या बॅटऱ्यांसाठी जगभर मानला जाणारा आयईईई ४५० हा दस्तऐवज सरळ सांगतो की डिस्चार्ज करून क्षमता मोजा, आणि ती नमूद क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदला. व्होल्ट बघून ठरवा असं तिथे कोणी म्हणत नाही. जिथे बॅटरीवर खरोखर काही अवलंबून आहे, तिथे लोक तास मोजतात.

व्हॅनवाल्याला हेच करायला लागतं काय? १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याकडच्या इन्व्हर्टर बॅटऱ्यांवर तो आकडा बहुधा सी-२० चा असतो : ५ ॲम्पिअरनं २० तास, व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत. सोलरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांवर तो बहुतेकदा सी-१० चा, म्हणजे दहा तासांत उतरवण्याचा असतो. दोन दुकानांतल्या एकाच ‘१५०’ मध्ये म्हणूनच फरक असतो, आणि विकणारा तो आपणहून सांगत नाही. आता हेडलाइटचा ६० वॉटचा साधा हॅलोजन बल्ब बारा व्होल्टवर साधारण ५ ॲम्पिअर घेतो. बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण भरायची, रात्रभर काहीही न जोडता ठेवायची, सकाळी आठला असे दोन बल्ब जोडायचे, क्लॅम्प मीटरनं करंट एकदा बघायचा आणि दर तासाला व्होल्टेज लिहून ठेवायचं. सी-२० च्या १०० ची धडधाकट लेड-ॲसिड बॅटरी दुपारी चार-साडेचारपर्यंत खेचते. १० ॲम्पिअरनं ओढल्यावर पूर्ण शंभर मिळत नाहीत, हे प्यूकर्टनं १८९७ मध्येच सांगून ठेवलं आहे. दुपारी दोनलाच १०.५ आलं, तर साठच्या आसपास हाती लागले. एवढंच. बल्ब भयंकर तापतात, ते लादीवर ठेवावेत, गाडीच्या खिडक्या उघड्या असाव्यात आणि शेवटच्या तासाला माणूस जवळ हवा. मोठ्या बॅटरीला बल्ब त्या मानानं वाढवावेत. भारतीय मानकं क्षमता २७ अंश सेल्सिअसला धरतात आणि बेंगळुरूचं हवामान बहुतेक महिने त्याच्या जवळपास असतं, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती करत बसायचीही इथे फारशी गरज पडत नाही. या शहराकडून मिळणारी ही एक फुकटची सोय.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरवणं तिला अपायकारक असतं. मग तपासणीच्या नावाखाली आपणच तिचं आयुष्य कमी करत नाही का? करतो, एका फेरीपुरतं. डीप-सायकल बॅटरीच्या कित्येकशे फेऱ्यांमधली वर्षाला एक किंवा दोन आपण माहितीसाठी खर्च करतो. अट एकच, त्याच संध्याकाळी ती पुन्हा चार्जरला लागली पाहिजे. उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं हे खरं विष. ज्याला तेवढंही नको, त्यानं निम्म्या तासांवर थांबावं, बॅटरीला चार-पाच तास विश्रांती द्यावी आणि मग व्होल्टेज बघावं. १२.२ ऐवजी ११.९ दिसलं की उत्तर मिळालं. आणि तपासणीनं बॅटरी झिजते म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जण तिला तळघरात तीन-तीन आठवडे उपाशी ठेवतात, हाही हिशेब मांडायला हरकत नाही.

तो हिशेब बेंगळुरूचा खास आहे. व्हॅन सोमवार ते शुक्रवार, बऱ्याचदा महिनाभर, अपार्टमेंटच्या तळघरात उभी असते. छतावर ३०० वॉटचं सोलर पॅनेल आहे आणि त्यावर काँक्रीटचा स्लॅब आहे. पार्किंगमध्ये चार्जिंगचं सॉकेट मागितलं तर सोसायटीची कमिटी आगीची भीती दाखवते. दरम्यान इन्व्हर्टरचं बटण चालूच राहिलेलं असतं. काहीही न जोडता मोठा इन्व्हर्टर दहा-पंधरा वॉट गिळतो, म्हणजे बारा व्होल्टवर सुमारे एक ॲम्पिअर, दिवसाला २४ ॲम्पिअर-तास. शंभराची भरलेली बॅटरी चार दिवसांत तळाला. जीपीएस ट्रॅकर, फ्रिजचं पॅनेल, म्युझिक सिस्टिमची मेमरी यांचे थेंब वेगळेच. शुक्रवारी मालक गाडी काढतो, तुमकूरपर्यंत सत्तर किलोमीटरांत अल्टरनेटर थोडं भरतो, पॅनेल १३ दाखवतं आणि सगळे निर्धास्त. लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा वीस टक्के भाग १४.४ व्होल्टच्या आसपास कित्येक तास धरल्याशिवाय भरतच नाही. त्यातून हल्लीच्या बऱ्याच गाड्यांतला अल्टरनेटर डिझेल वाचवण्यासाठी इंजिनची बॅटरी भरल्यासारखी वाटली की व्होल्टेज खाली आणतो. साधा रिले लावून त्यावर विसंबलेल्या मालकाची दुसरी बॅटरी अशा गाडीत कधीच पूर्ण भरत नाही. तिला मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. वर्षभर अर्धवट भरलेली, अर्धवट उतरलेली ही बॅटरी आतून सल्फेटनं दगड होत असते आणि बाहेरून १२.७ दाखवत असते.

बेंगळुरूची हवा हा प्रकार झाकते. बॅटरीच्या वाढत्या तापमानाचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना आयुष्य निम्म्यावर येतं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवरच्या या गावात पंखा लावावा लागत नाही, फ्रिजचा कॉम्प्रेसर थोडाच चालतो, बॅटरीही थंड राहते. सगळं ठीक आहे असं वाटायला याहून चांगली जागा नाही. मग भाद्रपदात तीच गाडी आंबोलीचा घाट उतरते. आकाश महिनाभर भरलेलं, पॅनेलवर ऊन नाही; खाली आलं की दमट उकाडा, दोन पंखे रात्रभर, फ्रिज सारखा चालू. दिवसाला ७०-८० ॲम्पिअर-तासांचा खर्च होतो. ज्या बॅटरीनं बेंगळुरूत दोन वर्षं कुरकुर केली नाही ती कोकणात दुसऱ्या रात्री बसते, आणि मालक बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालतो.

आता ॲपचे टक्के. इथे मला या शहराचं खरोखर नवल वाटतं. कोडची एक ओळ बदलली तरी टेस्ट चालवल्याशिवाय पुढे न पाठवणारे लोक फोनवर ‘७८%’ दिसलं की ते वेदवाक्य मानतात. ७८ टक्के कशाचे? ॲप बॅटरीत गेलेला आणि आलेला करंट मोजतं, बेरीज-वजाबाकी करतं आणि एका आकड्यानं भागतं. तो आकडा, म्हणजे बॅटरीची एकूण क्षमता, कारखान्यात किंवा बसवणाऱ्यानं एकदा टाईप केलेला असतो. बॅटरी तीन वर्षांत १०० वरून ७५ वर आली तरी छेद बहुधा शंभरच राहतो. शिवाय करंट मोजणाऱ्या स्वस्त शंटला अगदी लहान करंट नोंदता येत नाहीत, त्यामुळे महिनाभर तळघरात उभी असलेली गाडी कागदावर भरलेली आणि प्रत्यक्षात अर्धी असते. ॲप टाकाऊ नाही. पण त्याला वर्षातून एकदा तरी खरी क्षमता मोजून सांगावी लागते, आणि मोजायची म्हणजे पुन्हा तेच, ठरावीक करंट आणि घड्याळ.

या टक्क्यांवरची श्रद्धा लिथियमच्या भक्तीत विलीन होते, म्हणून तिसऱ्या पायाकडे येतो. व्हॅनमध्ये वापरलं जाणारं लिथियम म्हणजे बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट. पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ या तिघांचा मूळ शोधनिबंध १९९७ चा. यांतल्या गुडइनफना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, आणि उरलेली दोन नावं कुठली आहेत हे वाचकांना सांगायला नको. रसायन उत्तमच आहे. हलकं आहे, अर्धवट भरलेलं राहिलं तर बिघडत नाही, उलट थोडं रिकामं ठेवलेलंच त्याला मानवतं. मीही कोणी विचारलं तर तळघरात उभ्या राहणाऱ्या व्हॅनला तेच सुचवीन. पण ‘लावा आणि विसरा’ हे त्याच्या गुणांतून कुठेही निघत नाही. निघतं उलटं. लेड-ॲसिडचं व्होल्टेज निदान हळूहळू उतरतं. या बॅटरीचा सेल तीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट चालतो. फरक असतो तो व्होल्टच्या काही शतांशांचा. म्हणजे ज्या व्होल्टमीटरवर सगळा भरवसा होता, तो इथे अधिकच निरुपयोगी.

दुसरं असं की चार सेल एका माळेत असतात आणि माळ सर्वांत दुबळ्या सेलच्या ताकदीनं चालते. एक सेल खचला की सेलवर नजर ठेवणारी बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) सगळी बॅटरी तोडते; दिवे मंद होऊन इशारा देत नाहीत, एकदम काळोख. सेल समान पातळीवर आणण्याचं काम बहुतेक बीएमएस वरच्या टोकाशी, सेल ३.४ व्होल्टच्या पुढे गेल्यावरच करतात. म्हणजे कायम ४० ते ८० टक्क्यांत फिरणाऱ्या बॅटरीत ते होतच नाही. अधूनमधून ती पूर्ण भरून तासभर तशीच धरावी लागते. एस. पी. रोडवर किंवा ऑनलाइन सेल आणून घरी पॅक बांधणाऱ्यांची संख्या बेंगळुरूत मोठी. तिथे ‘ए ग्रेड’ हा शिक्का विकणाऱ्याच्या शब्दावर असतो. तो शब्द खरा होता की नाही हे पहिल्याच दिवशी पूर्ण भरून, वीसेक ॲम्पिअरनं पाच तास ओढून, कोणता सेल आधी २.८ व्होल्टला येतो ते पाहिल्यावर कळतं. त्यानंतर वॉरंटीचं पत्र वाचत बसावं लागत नाही. आणि हीच बॅटरी स्पितीला नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट : शून्य अंशाखाली या सेलमध्ये चार्ज ढकलला तर आत धातुरूप लिथियम साचतं आणि ते परत निघत नाही. स्वस्त बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हे बेंगळुरूत कळण्याचा प्रश्नच येत नाही.

‘पण सरकारनं मानकं केली आहेत ना?’ असंही विचारलं जातं. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ कडक करण्यात आलं, हे खरं. ते गाडी चालवणाऱ्या बॅटरीसाठी आहे. ओट्याखाली बसून तुमचा फ्रिज चालवणारी बॅटरी त्यात येत नाही. तिची जबाबदारी बसवणाऱ्यावर आणि तो विसरला तर तुमच्यावर.

राहिला दुसरा पाय, ‘बिघडली की बदलू’. यात खिशाचा हिशेब बरोबर असेलही. शनिवार महाग असतात. मला खटकतो तो ‘जुनी देऊन टाकायची’ हा सहज उच्चारला जाणारा भाग, आणि तो याच शहरात उच्चारला जातो म्हणून जास्त खटकतो. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी आयुष्य शिशाच्या विषबाधेमागे घालवलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशनच्या प्रकल्पात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बेंगळुरूसह देशातल्या मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांमध्ये शिशाचं प्रमाण डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. त्या वेळचा मोठा गुन्हेगार पेट्रोल होतं. २००० साली पेट्रोलमधून शिसं गेलं. बॅटऱ्या राहिल्या. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली. त्याच अहवालात मोठं कारण म्हणून बोट दाखवलं आहे ते लेड-ॲसिड बॅटऱ्या उघड्यावर फोडून, भट्टीत वितळवून शिसं काढण्याच्या धंद्याकडे.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे आणि वापरणाऱ्यावर बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी पोहोचवण्याची. चांगलं आहे. पण पन्नास-साठ किलोची ट्युब्युलर बॅटरी जास्त भाव देणाऱ्या पहिल्या भंगारवाल्याकडे गेली की ती पुढे कुठे फुटते हे विकणारा बघायला जात नाही. सहा वर्षं चालू शकणारी बॅटरी निष्काळजीपणानं तीन वर्षांत मारली, तर ही फेरी दुप्पट वेळा होते. शनिवारच्या किमतीत हे कोणी धरत नाही. आणि न तपासता बदलणाऱ्यांच्या हातून चांगल्या बॅटऱ्याही भंगारात जातात, कारण खरा दोष केबलच्या टोकाच्या गंजलेल्या लगमध्ये असतो.

ते लग थोडक्यात. व्हॅनमध्ये इंडक्शनवर चहा करायची फॅशन आहे. १५०० वॉटची शेगडी बारा व्होल्टच्या बाजूला इन्व्हर्टरचा तोटा धरून १४०-१५० ॲम्पिअर ओढते. सांध्यात ५ मिलिओहमचा जरी अडथळा असला तरी तिथे पाऊण व्होल्ट पडतो आणि शंभराहून जास्त वॉटची उष्णता त्या एका नटबोल्टमध्ये जाते. शेगडी चालू असताना बॅटरीच्या खांबावर आणि केबलच्या लगवर मल्टिमीटरची टोकं ठेवून किती मिलिव्होल्ट दिसतात ते पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि हे न करता बॅटरी बदलणाऱ्याला नवीनही तितकीच वाईट निघते.

पाण्याबद्दल मात्र इतक्या थोडक्यात सुटका नाही, कारण त्यात सुशिक्षित लोक हमखास चुकतात. ट्युब्युलर बॅटरीत आरओचं पाणी चालतं हा समज बेंगळुरूत सार्वत्रिक आहे. बोअरचं पाणी इतकं जड की त्यापुढे आरओ अमृत वाटतं. आरओच्या पाण्यात क्षार उरतातच, प्यायला ते हवेही असतात. बॅटरीत दर वेळी फक्त पाणी उडून जातं आणि क्षार मागे साठत जातात. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन फार महाग नसतो. एसीतून ठिबकणारं पाणीही त्यात घालू नये. ते धुळीनं भरलेल्या पत्र्यावरून येतं. पाणी घालायचं ते चार्ज पूर्ण झाल्यावर, नाहीतर ॲसिड वर चढून झाकणातून बाहेर येतं आणि ओट्याखालचा पत्रा खाऊन टाकतं. सहा सेलची ग्रॅव्हिटी हायड्रोमीटरनं घेताना नुसता आकडा फारसा महत्त्वाचा नसतो, आपसातला फरक असतो; पाच सेल १.२४० आणि एक १.१९० असेल तर त्या बॅटरीचं भविष्य एका ओळीत समजलं. मुळात उघड्या झाकणांची ट्युब्युलर बॅटरी माणसं झोपतात त्या डब्यात ठेवावी का, हा वेगळा वाद आहे, आणि त्यात मी ‘ठेवू नये’ या बाजूचा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्क्यांच्या पुढे गेला की तो पेट घेऊ शकतो, आणि रिलेची ठिणगी शेजारीच असते. घरातल्या इन्व्हर्टरला गॅलरी मिळते. व्हॅनमधल्या बॅटरीला निदान बाहेर जाणारी नळी आणि बंद पेटी मिळायला हवी. घाटातल्या वळणावर ॲसिड सांडतं ते आणखी वेगळं.

सगळं मिळून वेळ किती लागतो, हा शेवटचा आक्षेप. वर्षातून दोन डिस्चार्ज चाचण्या, एक उन्हाळ्याआधी, एक गणपतीच्या आधी. महिन्यातून एकदा दहा मिनिटं पाणी, लग, सेलचं व्होल्टेज. गाडी तळघरात लावताना इन्व्हर्टर बंद करायला आणि मुख्य स्विच फिरवायला काही सेकंद. नोंद लिहायला वहीचं एक पान. ज्यांना एवढाही वेळ नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही; त्यांनी बॅटरी तपासू नये. मात्र मग ‘बॅटरी एकदम फिट आहे’ असंही म्हणू नये, विशेषतः व्हॅन विकताना. बेंगळुरूत वापरलेल्या व्हॅन आता वरचेवर विकायला निघतात आणि प्रत्येक जाहिरातीत दुसरी बॅटरी ‘उत्तम स्थितीत’ असते. घेणाऱ्यानं तीन गोष्टी विचाराव्यात : किती ॲम्पिअरनं उतरवली, किती तास चालली, कुठल्या व्होल्टेजला थांबवलं. समोरच्यानं उत्तरादाखल फोन काढून ॲप दाखवलं, तर नव्या बॅटरीची पूर्ण किंमत गाडीच्या भावातून कापून बोली लावावी.